पाय-रॅड्स ४ म्हणजे चौथी स्टेज नव्हे

प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या, एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला की नजर आधी शेवटच्या ओळींवर जाते. तिथे ‘पाय-रॅड्स ४’ दिसलं की पायाखालची जमीन सरकते. चौथी स्टेज, असा अर्थ घरातले मिळून लावून टाकतात आणि डॉक्टरांची भेट होईपर्यंत कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नाही. हा अर्थ साफ चुकीचा आहे. कॅन्सर किती पसरलाय याच्याशी या आकड्याचा संबंधच नाही. चित्रात दिसणारा डाग उपचार करावे लागतील अशा कॅन्सरचा असण्याची शक्यता किती, एवढंच रेडिओलॉजिस्ट त्यातून सांगतो. १ म्हणजे फारच कमी, ५ म्हणजे फार जास्त. ४ आलेल्यांपैकी ढोबळमानाने निम्म्यांच्याच बायोप्सीत तसा कॅन्सर सापडतो. स्टेज ठरते ती नंतर, वेगळ्या निकषांवर.

एमआरआयची वेळ बहुधा पीएसए वाढल्यामुळे येते. पीएसए हे प्रोस्टेटमध्येच तयार होणारं प्रथिन. वयानुसार ग्रंथी मोठी झाली, तिला सूज आली किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी रक्तातला हा आकडा चढतो. पूर्वी अशा वेळी थेट बायोप्सी व्हायची. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, पण तिच्यातली गाठ बरेचदा दिसत नाही. त्यामुळे १०-१२ ठरावीक जागी सुई घालून तुकडे घेतले जायचे. नेमकी गाठच सुटली, असंही व्हायचं. ब्रिटनमध्ये ५७६ पुरुषांवर झालेल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासात (२०१७) हे उघड झालं. धोकादायक ठरू शकणाऱ्या कॅन्सरपैकी एमआरआयने ९३ टक्के टिपले, जुन्या पद्धतीच्या बायोप्सीने ४८ टक्के. पुढच्या वर्षी ‘प्रिसिजन’ अभ्यासात एमआरआय आधी केलेल्या गटातल्या २८ टक्के पुरुषांना बायोप्सी करावीच लागली नाही. शिवाय ज्यांच्यापासून फारसा धोका नसतो असे कॅन्सर त्या गटात ९ टक्के पुरुषांमध्ये सापडले, थेट बायोप्सीच्या गटात २२ टक्के पुरुषांमध्ये. असा निरुपद्रवी कॅन्सर सापडणं ही साधी गोष्ट नाही. त्यापायी नको असलेले उपचार आणि त्यांचे लघवीवर, लैंगिक क्षमतेवर होणारे परिणाम मागे लागू शकतात. म्हणून एमआरआय बायोप्सीच्या आधी व्हावा, हे रुग्णानेही आवर्जून विचारायला हवं. बायोप्सी आधीच झाली असेल, तर ग्रंथीत साकळलेलं रक्त चित्रात फसवतं. त्यामुळे सहसा ६ ते ८ आठवडे थांबायला सांगतात.

एमआरआयला गाठ दिसते कशी, हे मला या तपासणीतलं सर्वांत सुंदर प्रकरण वाटतं. निरोगी प्रोस्टेट स्पंजासारखी असते, पोकळ्यांमधून पाण्याचे रेणू ऐसपैस फिरतात. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने वाढतात आणि रेणूंना हलायला जागा उरत नाही. ही कोंडी ‘डिफ्युजन’ प्रकारच्या चित्रात पकडता येते. जिथे बहुतेक कॅन्सर उगवतात त्या ग्रंथीच्या बाहेरच्या भागात गुण देताना याच चित्राला सर्वांत जास्त वजन असतं.

पण हेच चित्र हवेने बिघडतं. प्रोस्टेटला अगदी खेटून गुदाशय असतो. तिथे गॅस असेल तर चित्र वेडंवाकडं होतं. तपासणीआधी पोट साफ करून या म्हणतात किंवा एनिमा देतात, ते यासाठी. दुर्लक्ष करू नका.

मशीनमध्ये साधारण अर्धा-पाऊण तास निश्चल पडून राहावं लागतं. आवाज मोठा असतो, कानाला संरक्षण देतात, हातात घंटा असते. बंदिस्त जागेची भीती वाटत असेल तर आधीच सांगा. क्ष-किरणांचा यात वापर नसतो. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, डोळ्यात कधी गेलेला धातूचा कण यांची माहिती मात्र लपवू नका. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर तपासणी बहुधा होते, पण चित्र खराब येऊ शकतं. चित्रात फरक उठून दिसावा म्हणून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन द्यायचं असेल तर मूत्रपिंडाचा विकार आहे का, हे सांगायलाच हवं. अलीकडे ‘प्राइम’ अभ्यासात (२०२५) चित्रं चांगल्या दर्जाची असतील तर इंजेक्शनशिवायही निदानात उणं पडत नाही असं दिसलं.

रिपोर्टमध्ये आणखी एक आकडा असतो, त्याकडे फारसं कुणी पाहत नाही: ग्रंथीचं आकारमान. पीएसएला त्याने भागा. पीएसए ६ आणि ग्रंथी ६० मिलिलिटर असेल तर उत्तर ०.१०, तेच पीएसए ३० मिलिलिटरच्या ग्रंथीतून येत असेल तर ०.२०. साधारण ०.१५ च्या वर संशय वाढतो. पाय-रॅड्स ३ आलेल्यांच्या बाबतीत, म्हणजे धड इकडे ना तिकडे अशा रिपोर्टमध्ये, बायोप्सी करायची की वाट पाहायची हे ठरवताना या भागाकाराचा फार उपयोग होतो.

रिपोर्ट स्वच्छ आला तरी पीएसए तपासणं सोडू नका. थोडे कॅन्सर एमआरआयला चकवतात. आणि छापील कागदाबरोबर मूळ चित्रांची सीडीही मागून घ्या. ही चित्रं वाचणं अनुभवाचं काम आहे, दोन रेडिओलॉजिस्टचे गुण वेगळे येऊ शकतात. बायोप्सी करायची ठरली तर सुई नेमकी कुठे न्यायची, हे युरोलॉजिस्टना त्या चित्रांवरूनच कळतं.