कनवटी, खिसा, मोबाइल: अंगावर बाळगायच्या वस्तूंची पार्श्वभूमी

घराबाहेर पडताना आपण अंगावर काय काय बाळगतो, हे आजकाल लोक हौसेने एकमेकांना दाखवतात. मोबाइल, पाकीट, किल्ल्या, इअरफोन, पॉवर बँक. पाच-दहा वर्षांत त्यातले काही गळते, काही नवे येते, आणि त्याचे श्रेय आपण नव्या शोधांना देऊन मोकळे होतो. महाराष्ट्राचा गेल्या दोन-अडीचशे वर्षांचा अनुभव पाहिला तर हे उत्तर अपुरे वाटते. पैसा चांदीचा होता की कागदाचा, कपड्याला खिसा होता की नव्हता, सरकारने काय बाळगायला बंदी केली आणि गावाने कोणाच्या अंगावर काय लादले, यांवरही ही यादी ठरत आली आहे.

सुरुवात कमरेपासून करावी लागते. धोतर नेसणाऱ्याची तिजोरी म्हणजे कनवटी. चार नाणी असली की कनवटीला लावली, जास्त असली की कमरेला कसा, म्हणजे पैशांची लांबट पिशवी, बांधली. 1835 पासून चालू झालेला कंपनी सरकारचा रुपया एक तोळा वजनाचा होता, म्हणजे 11.66 ग्रॅम. बैल घ्यायला शंभर रुपये घेऊन बाजाराला निघालेल्या माणसाच्या अंगावर पैशाचेच सव्वा किलोच्या आसपास वजन असे. ते पेलायला कंबरच हवी.

पैशाइतकीच जपली जाई ती चंची. लांबट कापडी पिशवी, आत कप्पे. एकात पाने, एकात सुपारी, एकात तंबाखू, शिवाय चुन्याची डबी आणि अडकित्ता. काम झाले की गुंडाळायची आणि दोरीने बांधून कमरेला खोचायची. विस्तवासाठी चकमक, गारगोटी आणि थोडा कापूस. 1920 च्या दशकात अंबरनाथला विमकोचा काडेपेटीचा कारखाना उभा राहिला, काडेपेटी गावोगाव स्वस्तात मिळू लागली आणि चकमकीची गरज उरली नाही. तळकोकणात मात्र कमरेची आकडी आणि तिच्यात अडकवलेला कोयता अजून दिसतो. रानात, बागेत चालताना दोन्ही हात मोकळे हवेत आणि हत्यार क्षणात हाती यायला हवे, या गरजेवर आकडीपेक्षा चांगला तोडगा अजून कोणी काढलेला नाही.

कमरेवरची एक वस्तू कायद्याने गेली. कट्यार, तलवार बाळगणे ही एके काळी प्रवासातली साधी गोष्ट होती. 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवले आणि पुढच्या पिढ्यांना कट्यार देवघरात किंवा लग्नातल्या नवरदेवाच्या हातातच दिसू लागली.

इथवरच्या वस्तू माणसाने आपल्या गरजेने घेतलेल्या. पेशवाईच्या काळात पुण्यात मात्र काही माणसांच्या अंगावर काय असावे हे दुसरेच ठरवत होते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिलेले भाषण मंडळाने होऊ दिले नाही, म्हणून 1936 साली त्यांनी ते स्वतः छापले. त्यात पेशवाईतल्या पुण्याचे वर्णन आहे. अस्पृश्याने कमरेला झाडू बांधायचा, म्हणजे त्याच्या पावलांची धूळ मागच्या मागे झाडली जाईल. गळ्यात मडके अडकवायचे, म्हणजे त्याची थुंकी रस्त्यावर पडणार नाही. मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा, म्हणजे चुकूनही कोणाला त्याचा स्पर्श होणार नाही. घराबाहेर पडताना रोज बाळगायच्या वस्तूंचा इतिहास लिहिताना या तीन वस्तू वगळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

इंग्रजांनी यात आपली भर घातली. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि 1911 च्या कायद्याने त्याचे जाळे देशभर पसरले. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींतल्या माणसांची जन्मानेच गुन्हेगार म्हणून नोंद झाली. सोलापूरला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट उभी राहिली. हजेरी द्यायची आणि हद्दीबाहेर जायचे तर परवानगीचा पास जवळ ठेवायचा. तो सापडला नाही तर शिक्षा. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा गेला. विमुक्त जमाती तो दिवस आजही मुक्तिदिन म्हणून पाळतात. ओळखपत्र खिशात नसेल तर आपण फार तर चरफडतो. या लोकांच्या दोन-तीन पिढ्यांना त्या कागदावाचून पाहुण्यांच्या गावीही जाता येत नव्हते.

म्हणूनच बाबासाहेबांच्या पुतळ्यातल्या पेनकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. निळा कोट, हातात संविधान आणि वरच्या खिशाला पेन. गावोगावच्या चौकांत हे पेन कोरलेले आहे, रंगवलेले आहे. ज्या समाजाच्या कमरेला झाडू बांधला गेला होता, त्याने खिशाला पेन लावले आणि ते दिसेल असे लावले. शाळेत गेलेली पहिली पिढी सदऱ्याच्या खिशाला पेन अडकवून गावात हिंडत असे, तेव्हा त्या पेनात शाई आहे की नाही हा प्रश्नच गौण होता. याच काळात पेन आणि शाई आवाक्यात आली, त्यात मराठी उद्योजकांचा वाटा आहे. दांडेकरांनी 1931 साली मुंबईत शाई करायला सुरुवात केली; त्याचीच पुढे कॅम्लिन झाली.

पेन लावायला खिसा लागतो, आणि खिशाला भाव आला तो कागदी पैशामुळे. पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला, म्हणून सरकारने 30 नोव्हेंबर 1917 ला एक रुपयाची नोट काढली. पाठोपाठ अडीच रुपयांचीही आली. पगाराचे चार रुपये आता घडी करून ठेवता येत होते. पण कनवटीत घामाने भिजणारी नोट टिकत नाही, तिला कोरडी आणि सपाट जागा लागते. गिरणी, रेल्वे, कचेरी यांतल्या नोकरीबरोबर सदरा आणि कोट सर्वदूर पोचले आणि पैसा कमरेवरून छातीवर आला. नाणी मात्र बराच काळ गाठीत राहिली. दुसऱ्या महायुद्धात तांबे वाचवण्यासाठी 1943 साली मधोमध भोक असलेला पैसा निघाला. तो दोऱ्यात ओवताही येत असे.

मनगटावरचे घड्याळ तसे उशिराचे. गिरणगावात वेळ सांगायला भोंगा होता, सगळ्या वस्तीला एकदम ऐकू जाणारा. कामगाराने स्वतःचे घड्याळ घ्यावे अशी निकड नव्हती आणि ऐपतही नव्हती. 1961 साली बंगळूरला एचएमटीने सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने घड्याळे करायला सुरुवात केली आणि पुढची पंचवीस वर्षे मॅट्रिक झालेल्या मुलाला, बोहल्यावर चढणाऱ्या जावयाला तेच मिळत राहिले. वेळ पाहण्याइतकाच त्याचा उपयोग आपण कमावते आहोत, आपल्याला कोणीतरी मान देऊन हे दिले आहे, हे दाखवण्याचा होता. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय 2016 साली झाला, तोवर मनगट केव्हाच मोबाइलने रिकामे केले होते.

बायकांच्या वस्तूंचा इतिहास वेगळा सांगावा लागतो, कारण खिसा त्यांच्या वाट्याला आलाच नाही. नऊवारीला ओचा होता, कमरेला किल्ल्यांचा छल्ला होता, पदराला गाठ मारता येत होती आणि बटवा खोचता येत होता. मासळीबाजारातली कोळीण आजही कमरेचा बटवा काढून सुटे देते. सहावारी आली तसा ओचा गेला. नोकरी करणारी बाई पर्स घेऊन बाहेर पडली. पण तिच्या पिशवीत काय असायचे, हे पुष्कळदा रस्त्यावरच्या माणसांनी ठरवले. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाल्यावर सावित्रीबाई फुले यांच्यावर वाटेत शेण आणि चिखल फेकला जाई, म्हणून त्या शाळेत जाताना एक जादा साडी बरोबर नेत, अशी आठवण सांगितली जाते. मुंबईच्या गर्दीत प्रवास करणाऱ्या कित्येक जणी हाताशी सेफ्टी पिन ठेवतात, ती साडीसाठीच असते असे नाही. दीडशे वर्षांचे अंतर असले तरी दोन्ही वस्तू एकाच कारणाने पिशवीत गेल्या आहेत.

मोबाइलची हकिकत सगळ्यांना माहीत आहे, ती आवरती घेतो. भारतातला पहिला मोबाइल फोन 31 जुलै 1995 ला कोलकात्याहून झाला. 2003 साली आलेल्या नोकियाच्या 1100 या साध्या फोनला टॉर्च होती, आणि लोडशेडिंगने बेजार झालेल्या इथल्या गावांत रात्री मोटर चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याची बॅटरी तिने खुंटीला टांगली. एप्रिल 2016 मध्ये यूपीआय आले, त्याच वर्षी 8 नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, आणि पाकीट पातळ होत गेले. 2018 पासून वाहन चालवण्याचा परवानाही डिजिलॉकरमधून दाखवता येतो. कागदाचे वजन गेले. कागद दाखवण्याची सक्ती तशीच आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून मुंबईच्या लोकलचा पास काढायला लशीच्या दोन मात्रा झाल्याचे प्रमाणपत्र लागू लागले, तेव्हा साधा फोन वापरणाऱ्या घरकामगार बायका छापील प्रत मिळवण्यासाठी खेटे घालत होत्या.

जुन्याचे परत येणेही कधी कधी कायद्यानेच होते. 2018 साली महाराष्ट्रात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, पहिल्या गुन्ह्याला पाच हजार रुपये दंड ठरला, आणि घडी करून खिशात ठेवायची कापडी पिशवी पुन्हा दिसू लागली. तिची आठवण जुन्या माणसांना होती म्हणून ती लवकर रुळली.

आणि एक वस्तू अशी आहे की तिने माणसाचीच मोजदाद चालते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर हंगामात लाखो ऊसतोड मजूर साखर कारखान्यांकडे जातात. मुकादम त्यांना आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. ही उचल माणशी ठरत नाही, कोयत्यावर ठरते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा असेल तर अर्धा कोयता. एकटी राहिलेली, विधवा किंवा टाकलेली बाई जोडीदार मिळेल तेव्हाच पूर्ण कोयता होते. नाही मिळाला तर तिला काम मिळणेच अवघड जाते. खिशातला फोन तिच्याकडेही आला आहे, मुकादमाचा निरोप आता त्याच्यावर येतो. तिची उचल मात्र अजून कोयत्यावरच ठरते.