रुग्णालय–उद्योग संशोधन सहकार्य

वैद्यकीय उपकरणे, निदानसाधने किंवा आरोग्यविषयक संगणकप्रणाली विकसित करण्यासाठी एखादी कंपनी व एखादे रुग्णालय यांनी करारपूर्वक एकत्र येऊन केलेले संशोधन. तयार यंत्र रुग्णालयाला विकणे, किंवा पूर्ण झालेल्या उपकरणाच्या चाचणीपुरते तेथील रुग्ण व डॉक्टर उपलब्ध करून घेणे, यांचा या संज्ञेत काटेकोर अर्थाने समावेश होत नाही. गरज ठरविणे, आराखडा, चाचणी व फेरबदल या सर्व टप्प्यांत रुग्णालयाचा वाटा असणे हे तिचे व्यवच्छेदक लक्षण मानले जाते. प्रत्यक्षात ही सीमारेषा बरीच पुसट असते.

या सहकार्याचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. काहींच्या मते त्याचे मूळ नेदर्लंड्समधील लायडन येथे सापडते. विलेम आइंटहोवेन यांनी तारेच्या गॅल्व्हानोमापकाने (सूक्ष्म विद्युत्-प्रवाह मोजणाऱ्या यंत्राने) हृदयाचा विद्युत्-आलेख (ईसीजी) घेण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिद्ध केली. अवजड यंत्र प्रयोगशाळेतून हलविणे शक्य नसल्यामुळे सुमारे दीड किमी. अंतरावरील रुग्णालयातून दूरध्वनीच्या तारेने त्यांनी रुग्णांचे आलेख मिळविले. यंत्राचे उत्पादन म्यूनिकच्या एडेलमान यांच्याकडे देण्यात आले. परंतु स्वामित्वशुल्कावरून (रॉयल्टीवरून) मतभेद झाले आणि पुढे हे काम केंब्रिज येथील उपकरण-कंपनीकडे गेले. तथापि आइंटहोवेन यांची प्रयोगशाळा विद्यापीठाच्या शरीरक्रियाविज्ञान विभागाची होती, आणि रुग्णालय हे या व्यवहारात भागीदार नसून आलेखांचा स्रोत होते. त्यामुळे लायडनचे उदाहरण सहकार्याचे नव्हे, तर स्वामित्वशुल्कासंबंधीच्या वादाचे पूर्वरूप ठरते.

त्यापेक्षा अमेरिकेतील मिनीॲपोलिसचे उदाहरण अधिक समर्पक वाटते. अर्ल बाकन व पामर हर्मंडस्ली यांनी 1949 मध्ये स्थापन केलेली मेडट्रॉनिक ही कंपनी आरंभी रुग्णालयांतील विद्युत् उपकरणे दुरुस्त करीत असे, आणि त्यानिमित्ताने बाकन यांचा मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयातील शल्यचिकित्सक सी. वॉल्टन लिलेहाय यांच्याशी परिचय झाला. त्या काळचे पेसमेकर भिंतीतील वीजजोडणीवर चालत. 31 ऑक्टोबर 1957 रोजी शहराचा वीजपुरवठा खंडित झाल्यानंतर लिलेहाय यांनी बॅटरीवर चालणारे साधन मागितले, आणि बाकन यांनी काही आठवड्यांत ट्रान्झिस्टर वापरून ते तयार केले. वीज गेल्यामुळे एक बालरुग्ण दगावल्याचे अनेक वृत्तांतांत येते. परंतु सर्व वृत्तांत त्याबाबत जुळत नाहीत. प्राण्यावरील प्रयोगानंतर लगेच ते उपकरण एका बालकाला जोडलेले आपल्याला दिसले, असे बाकन यांनी नंतर सांगितले आहे. या घाईचा गौरवाने उल्लेख करण्याचा प्रघात आहे. आजच्या नियमांनुसार मात्र तसे करता आले नसते. स्वीडनमधील रूने एल्मक्विस्ट व ओके सेनिंग यांनी 1958 मध्ये शरीरात बसविलेला पेसमेकर हाही अभियंता व शल्यचिकित्सक यांच्या अशाच जोडीचे फलित होता.

भारतातील सर्वांत सविस्तर नोंदले गेलेले उदाहरण म्हणजे तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल आयुर्विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेची हृदयझडप होय. संधिवाताच्या ज्वराने झडपा निकामी झालेले तरुण रुग्ण मोठ्या संख्येने येत होते आणि आयात झडपेची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेर होती. ही अडचण शस्त्रक्रियागृहात जाणवलेली होती, बाजाराच्या पाहणीतून आलेली नव्हती. हृदयशल्यचिकित्सक एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली रुग्णालय व जैववैद्यकीय तंत्रज्ञान विभाग एकाच संस्थेत ठेवण्यात आले. 1980 मध्ये संसदेच्या अधिनियमाने संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला.

झडपेची रचना कलत्या चकतीची आहे : धातूच्या कड्यात बसविलेली चकती प्रत्येक ठोक्याबरोबर कलून उघडते व मिटते. मिनिटाला 72 ठोके धरल्यास वर्षाला ही उघडझाप सुमारे 3.8 कोटी वेळा होते. म्हणून खरा प्रश्न आकाराचा नसून झिजेचा होता. पहिल्या नमुन्यात टायटॅनियमचा आधारदांडा जोडाच्या ठिकाणी तुटला. दुसऱ्यात एकस्फटिकी नीलमण्याची चकती वापरली, तेव्हा कठीण चकतीने मऊ धातू झिजविला. तिसऱ्यात कोबाल्ट-क्रोमियमयुक्त हेन्स-25 ही मिश्रधातू घेतली, तर चकतीच भंगली. अखेरीस त्याच मिश्रधातूच्या चौकटीत अत्युच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिन या प्लॅस्टिकची चकती बसविण्यात आली; म्हणजे दोन्ही भाग अधिकाधिक कठीण करण्याचा मार्ग सोडून एक भाग मुद्दाम मऊ ठेवला गेला. या नमुन्याचे मानवी शरीरातील पहिले रोपण डिसेंबर 1990 मध्ये झाले. उत्पादनाची जबाबदारी टीटीके उद्योगसमूहाने स्वीकारली, अनेक रुग्णालयांत चाचण्या झाल्या आणि 1990 नंतरच्या दशकाच्या मध्यास झडप बाजारात आली. रोपणांची संख्या पुढे एक लाखाच्या वर गेली. उद्योगाच्या प्रवेशापूर्वीच्या अपयशांचा भार सार्वजनिक संस्थेने उचलला होता, ही बाब या यशाच्या वर्णनांत सहसा झाकोळली जाते.

करारांत सामान्यतः खर्चाची विभागणी, एकस्वाची (पेटंटची) मालकी, स्वामित्वशुल्क, निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा हक्क व रुग्णाला इजा झाल्यास भरपाई यांविषयी तरतुदी असतात. प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध करण्याची मुभा रुग्णालयाने राखून ठेवणे इष्ट समजले जाते. भारतीय एकस्व अधिनियमानुसार उपचारपद्धतीला एकस्व मिळत नाही, उपकरणाला मिळू शकते. परिणामी शल्यचिकित्सकाचे कसब हे मूळ योगदान असले, तरी कायदेशीर हक्क उपकरणाच्या आराखड्यामागे जातो. वैद्यकीय उपकरण नियम, 2017 हे 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. त्यांत उपकरणांचे जोखमीनुसार चार वर्ग केलेले असून हृदयझडप सर्वाधिक जोखमीच्या वर्गात येते. रुग्णांवरील अभ्यासासाठी नीतिमत्ता समितीची मान्यता व रुग्णाची माहितीपूर्वक संमती आवश्यक असते.

संगणकप्रणालींच्या संशोधनात उपकरणाऐवजी रुग्णांच्या नोंदी हेच रुग्णालयाचे भांडवल ठरते. गूगलच्या संशोधकांनी मधुमेहजन्य दृष्टिपटलविकार ओळखणारी प्रणाली घडविताना 1,28,175 छायाचित्रे वापरली. ती अमेरिकेतून व अरविंद नेत्ररुग्णालयासह भारतातील तीन नेत्ररुग्णालयांतून मिळाली होती. हा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाने मूत्रपिंडाच्या तीव्र विकाराची सूचना देणाऱ्या प्रणालीसाठी सुमारे 16 लाख रुग्णांच्या नोंदी डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीला दिल्या होत्या. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी जुलै 2017 मध्ये रुग्णालयाने माहिती संरक्षण कायद्याचे पालन केले नसल्याचा निर्णय दिला. दोष कंपनीवर नव्हे, तर नोंदींचा ताबा असलेल्या रुग्णालयावर ठेवला गेला, हे लक्षणीय आहे. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम 2023 मध्ये संमत झाला.

महाराष्ट्रात मुंबईच्या आयआयटीमध्ये 2014 साली राज्य शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने बेटिक हे जैववैद्यकीय अभियांत्रिकी केंद्र सुरू झाले व पुढे पुणे आणि नागपूर येथील अभियांत्रिकी संस्थांत त्याच्या शाखा निघाल्या. येथे डॉक्टरांनी अडचण मांडावी, अभियंत्यांनी नमुना करावा व उत्पादनासाठी परवाना उद्योगाला द्यावा किंवा नवी कंपनी काढावी, असा क्रम ठेवलेला आहे.