ज्वलनशील की ज्वालाग्राही?

घाटात टँकरमागे अडकलं की वाचायला त्याची पाठच उरते. एकावर ‘ज्वलनशील’, पुढच्यावर ‘ज्वालाग्राही’. आत तेच पेट्रोल, मग शब्द दोन कशाला?

चुलीपुढे बसणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. त्याच्या लेखी जळणं वेगळं, पेटणं वेगळं. बाभळीचा ओंडका लवकर पेटत नाही. खाली चिपाडं सारा, गोवरीचा तुकडा ठेवा, फुंकणीने फुंकता फुंकता डोळ्यांतून पाणी काढा, तेव्हा कुठे तो धरतो. मग मात्र तासभर जळतो. हा ओंडका ज्वलनशील. ‘शील’ म्हणजे स्वभाव, सहनशीलमधला. जळणं त्याच्या स्वभावात आहे, घाई नाही.

ज्वालाग्राहीतला ‘ग्राही’ गुणग्राहीतलाच. गुणग्राही माणूस गुण चटकन उचलतो, पेट्रोल ज्वाला. खरं तर द्रव पेटत नाही, त्याची वाफ पेटते. पेट्रोलची पेटण्याजोगी वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही तयार होते. आपल्याकडच्या उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. ती हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत सरपटत लांबची ठिणगी गाठते. रॉकेलची तेवढी वाफ व्हायला साधारण ३५-४० अंश लागतात, म्हणून कंदिलाला वात हवी. १९३४चा पेट्रोलियम कायदाही याच मापाने चालतो: २३ अंशांच्या खालीच ज्याची वाफ पेटते तो ‘अ’ वर्ग. पेट्रोल त्यात, डिझेल ‘ब’मध्ये.

म्हणजे ज्वालाग्राही ते सगळं ज्वलनशील, पण दगडी कोळसा ज्वलनशील असूनही त्याला ज्वालाग्राही कुणी म्हणणार नाही. टँकरवरचं ‘ज्वलनशील’ बहुधा हिंदीतून आलंय. तिथे दोन्ही अर्थांना तोच शब्द चालतो. मराठीत ते चूक नाही, मिळमिळीत आहे. पेट्रोल, थिनर, स्पिरिट यांच्यासाठी मी तरी ज्वालाग्राहीच लिहीन.

चूक म्हणावी ती तिसरीच. रंगाच्या दुकानात थिनरच्या एका डब्यावर ‘ज्वलंत पदार्थ’ अशी चिठ्ठी पाहिली. ज्वलंत म्हणजे आत्ता, या क्षणी जळणारं. प्रश्न ज्वलंत असतो, निखारा असतो. डब्यातलं थिनर खरोखरच ज्वलंत असतं, तर चिठ्ठी वाचायला मी तिथे थांबलो नसतो.