धडधड हृदयाची की मनाची? चिंताविकारांची पार्श्वभूमी

दोन स्टेशनांच्या मध्ये लोकल थांबते. छातीत धडधड सुरू होते, हात गार पडतात, श्वास पुरत नाही, 'आता आपण गेलो' असं वाटतं. मुंबईत असा माणूस मानसोपचारतज्ज्ञाकडे क्वचितच जातो, तो जवळच्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठतो. ईसीजी निघतो, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का, हे सांगणारी रक्ततपासणी) करतात, दोन्ही नॉर्मल. 'गॅस असेल, टेन्शन घेऊ नका' म्हणून त्याला घरी धाडतात आणि पंधरा दिवसांनी तो पुन्हा तिथेच येतो. हृदयाकडून मनाकडे जायला रुग्णाला महिने लागतात. वैद्यकशास्त्राला सत्तर वर्षं लागली.

अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांची अशीच धडधड फिलाडेल्फियाच्या जेकब डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये नोंदवली आणि तिला 'चिडखोर हृदय' म्हटलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश डॉक्टरांपुढे हजारो सैनिक तीच तक्रार घेऊन आले. थॉमस लुईस यांनी नाव बदललं, पण शोध हृदयाभोवतीच फिरत राहिला. अखेर १९४१ मध्ये पॉल वूड यांनी हे दुखणं चिंतेचं असल्याचं ठामपणे मांडलं. वूड स्वतः हृदयरोगतज्ज्ञ होते, म्हणून त्यांच्या म्हणण्याला वजन आलं. मनोविश्लेषक फ्रॉइड यांनी 'चिंतेचा न्यूरोसिस', म्हणजे चिंतेतून येणारा मनोविकार, १८९५ मध्येच वेगळा काढला होता, पण हृदयाच्या वॉर्डात ते कोण वाचणार!

पुढचा टप्पा न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलमधला. १९६० च्या आसपास मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी काही घाबरट रुग्णांना इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध देऊन पाहिलं. काही आठवडे गेले. रुग्ण म्हणत, काही फरक नाही. नर्सेसच्या मात्र लक्षात आलं, की 'मी मरतोय' म्हणत त्यांच्याकडे धावत येणं थांबलंय. झटके गेले होते, पण 'पुन्हा झटका आला तर?' ही धास्ती तशीच होती. म्हणजे झटका आणि धास्ती या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. १९८० साली अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत जुन्या चिंता-न्यूरोसिसचे दोन भाग झाले: पॅनिक डिसऑर्डर आणि जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर. पहिल्यात झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो. दुसरीत सहा महिने किंवा अधिक काळ, बहुतेक दिवस, भाडं, मुलाची दहावी, आईचा गुडघा अशा साध्यासाध्या गोष्टींची न आवरणारी काळजी असते, सोबत ताठ झालेली मान आणि उडालेली झोप. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण या दुसरीला चपखल बसते. २०१३ च्या आवृत्तीत ओसीडी (तेच ते विचार आणि त्याच त्या कृती मनाविरुद्ध होत राहणं) आणि आघातानंतरचा ताण यांनाही या गटातून बाहेर काढलं.

झटका वाढतो कसा, हे १९८६ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी नीट मांडलं. छातीत जरा धडधडलं की मन 'हार्ट अटॅक' असा अर्थ लावतं. त्या भीतीने अ‍ॅड्रेनालिन वाढतं, धडधड आणखी जोर धरते. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, म्हणून चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि अर्थ खराच वाटू लागतो. अशा वेळी कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना सल्ला पाळू नये. तो त्रास दमा किंवा खरा हृदयविकार निघाला तर जिवावर बेतेल. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, एवढं पुरतं. धडधड इतर कारणांनीही होते, म्हणून निदानाआधी थायरॉइड तपासावा, चहाचे कप मोजावेत, आणि सकाळच्या घालमेलीमागे आदल्या रात्रीची दारू तर नाही ना, हेही विचारावं. चिंताविकारांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण एक तृतीयांश धरतात.

गोळ्यांचा इतिहास घाईचा आहे. १९०३ मध्ये बार्बिट्युरेट, १९५५ मध्ये मेप्रोबामेट, मग लिओ स्टर्नबाख यांच्या संशोधनातून १९६० मध्ये लिब्रियम आणि १९६३ मध्ये व्हॅलियम. प्रत्येक औषध आधीच्यापेक्षा निर्धोक म्हणून आलं आणि प्रत्येकाची सवय लागली. व्हॅलियमच्याच कुळातलं अल्प्राझोलाम अर्ध्या-पाऊण तासात उतारा देतं, हाच त्यातला धोका. भारतात ते एच-वन सूचीत आहे: चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि केमिस्टने नोंद तीन वर्षं जपायची. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दर दोन आठवड्यांना दहा टक्क्यांच्या आसपास, अशी ती उतरवतात. आज पहिली पसंती एस्सिटालोप्रामसारख्या, नैराश्यावरही देतात त्या औषधांना असते. सुरुवात बहुधा ५ मिलिग्रॅमने होते आणि गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात अस्वस्थता उलट वाढू शकते. हे आधी सांगितलं नाही, तर रुग्ण चौथ्या दिवशी औषध बंद करतो. बरं वाटल्यावरही ते सहा ते बारा महिने चालू ठेवतात.

मुंबईत आणखी एक अडसर होता. मनोविकार म्हटलं की 'ठाण्याला पाठवा' हा विनोद, १९०१ पासूनच्या तिथल्या मनोरुग्णालयावरून. १९३८ मध्ये डॉ. के. आर. मसानी यांनी जे. जे. रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी सुरू केली, तेव्हा धडधडीच्या रुग्णाला ठाण्याशिवाय दुसरं दार मिळालं. पुढे केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया यांनी पातंजल योगावर आधारलेले उपचार रुग्णांवर तपासून पाहिले.

औषधाइतकाच भरवशाचा उपाय म्हणजे सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी उपचारपद्धती, आठवड्याला एक असे बारा ते सोळा तास. त्यातला भीतीला पायऱ्यापायऱ्यांनी सामोरं जायचा सराव मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांच्या १९५८ मधल्या मांडणीतून आला. लोकलच्या भीतीसाठी पायऱ्या अशा: दुपारी गर्दी नसताना दादरच्या फलाटावर वीस मिनिटं उभं राहणं, मग स्लो लोकलने माटुंग्यापर्यंत, मग कुर्ल्यापर्यंत, मग फास्टने घाटकोपर, शेवटी सकाळच्या गर्दीत. एकेक पायरी भीती निवेपर्यंत पुन्हा पुन्हा करायची. भीती टोकाला असताना मधेच उतरलं, तर मन 'उतरलो म्हणून वाचलो' एवढंच शिकतं. दाराशीच उभं राहणं, बायकोला फोन चालू ठेवणं, पाण्याची बाटली घट्ट धरणं यांनीही सराव फुकट जातो. सगळ्यात चिवट असते ती खिशात 'असू दे' म्हणून ठेवलेली अर्धी गोळी. शेवटच्या पायऱ्यांवर तीही घरी ठेवायची असते.