बाकीचे कुठेत? हाऊसमधल्या जोड्यांची पार्श्वभूमी

कोथरूडमधल्या आमच्या दोन मित्रांनी गेल्या महिन्यात दोन हाऊस ट्रॅक (म्हणजे मशीनवर केलेलं, नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) रिलीज केले, मित्रांपैकी एकाच्या आजीला ऐकवले तर तिचा पहिला प्रश्न, "छान आहे रे, पण बाकीचे कुठेत?" म्हणजे तबला, बासरी, गाणारी वगैरे. बाकीचे नाहीतच, एक लॅपटॉप, एक छोटा कीबोर्ड आणि हे दोघं. शंकर-जयकिशन पण दोघंच होते, पण त्यांच्यामागे अख्खा वाद्यवृंद असायचा. इथे मागे कोणीच नाही, आणि त्याचं मूळ शिकागोत आहे.

हाऊसच्या आधी नाचायला डिस्को होतं, म्हणजे व्हायोलिनं, ब्रास, सगळा खर्चिक मामला. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल ग्राउंडवर डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग लावून उडवला, पब्लिक मैदानात घुसलं, पुढची मॅच गेली, आणि त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतलं. पण नाचणारे तर तिथंच होते ना. त्याच शहरात वेअरहाऊस नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स नावाचा डीजे १९७७ पासून रेकॉर्ड्स वाजवत होता, गर्दी मुख्यतः काळ्या आणि गे पोरांची, हाऊस हे नाव त्या वेअरहाऊसवरूनच पडलं असं बहुतेक जण मानतात. नवीन माल येईना म्हणून डीजे लोक जुन्याच रेकॉर्ड्सखाली ड्रम मशीन लावायला लागले आणि हळूहळू नुसत्या मशीनवरच ट्रॅक व्हायला लागले.

मशीन कुठली, तर रोलँड या जपानी कंपनीची. त्यांनी टीबी-३०३ काढलं होतं बेस गिटारवाल्याच्या जागी वाजवायला, पण ते काही केल्या बेस गिटारसारखं वाजेना, खपलंच नाही, मग सेकंडहँडमध्ये स्वस्तात मिळायला लागलं आणि पोरांचं फावलं. (इथे कॉलर ताठ करायला हरकत नाही, मुंबईच्या चरणजित सिंगांनी १९८२ लाच ३०३ आणि ८०८ (रोलँडचंच ड्रम मशीन) घेऊन डिस्को ठेक्यावर ललित, मालकंस वाजवून ठेवलेत, ३०३ वरचं शिकागोचं गाजलेलं 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आलं १९८७ ला. आपल्याकडे तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही, २०१० ला ती रेकॉर्ड परत छापल्यावर जग वेडं झालं.)

आजीचा दुसरा प्रश्न, "गाणं कधी सुरू होणार?" कारण पहिला मिनिटभर नुसतं धप धप धप. ते बारा इंची रेकॉर्डमुळे. हाऊसचा रिलीज म्हणजे आधी अल्बम नव्हताच, डीजेसाठी काढलेली बारा इंची सिंगल असायची, खाचा रुंद त्यामुळे बेस दणदणीत, आणि सुरुवातीला-शेवटी नुसते ड्रम्स, म्हणजे आधीच्या रेकॉर्डवर पुढची बिनबोभाट चढवता येते.

जोडी म्हटलं की डाफ्ट पंक आलेच. थॉमस बाँगाल्टर आणि गी-मान्युएल, पॅरिसची पोरं, आधी तिघांचा डार्लिन नावाचा गिटार बँड होता, एका ब्रिटिश मासिकानं 'डाफ्ट पंकी थ्रॅश' म्हणून धुतलं आणि यांनी तीच शिवी नाव म्हणून घेतली, हे मला अगदी पुणेरी वाटतं. तिसरा गेला, दोघं मशीनकडे वळले. १९९३ ला ग्लासगोच्या सोमा लेबलवाल्या स्लॅमला, ती पण जोडीच, डेमो टेप दिली, १९९४ ला 'द न्यू वेव्ह', १९९५ ला 'दा फंक', दोन्ही बारा इंचीच. अल्बम थेट १९९७ ला, नाव 'होमवर्क', कारण बराचसा बाँगाल्टरच्या बेडरूममध्ये झालेला. त्यात 'टीचर्स' नावाच्या ट्रॅकमध्ये शिकागोवाल्यांची नावं एकेक करून घेतलीत, गुरुवंदनाच म्हणा. नंतर रोबोटचे हेल्मेट, २०१३ चा मोठा अल्बम, आणि २२ फेब्रुवारी २०२१ ला वेगळे झाले. गंमत म्हणजे त्या शेवटच्या अल्बमसाठी त्यांनी खरे वादक आणि ऑर्केस्ट्रा बोलावला, म्हणजे आजीचे 'बाकीचे' शेवटी आलेच!

आमच्या जोडीचा तिसरा ट्रॅक तयार होतोय. डीजे लोकांसाठी सात मिनिटांचं व्हर्जन, स्ट्रीमिंगला साडेतीन मिनिटांचं. आजीला छोटंच पाठवायचं ठरलंय.