सड्यावर नकाशा का चुकतो?

एका हेक्टरवर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन कोटी लिटर पाणी. कोकणात एवढा पाऊस नवलाचा नाही, तरी एप्रिल-मे महिन्यांत कितीतरी वाड्यांवर टँकरची वाट बघतात. सह्याद्रीचा कडा उतरलेलं पाणी बघता बघता खाडीला मिळतं. ते कुठे अडवायचं, हे ठरवायला आता उंचीचे डिजिटल नकाशे हाताशी आहेत.

२००० साली एन्डेव्हर अंतराळयानावरच्या रडारने आणि पुढे आपल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाने ही उंची मोजली. जमिनीचे साधारण ३० मीटर बाजूचे चौकोन पाडायचे, प्रत्येकाला एक उंची. संगणक प्रत्येक चौकोनाचे आठ शेजारी बघतो आणि जिकडे उतार सर्वांत तीव्र, तिकडे पाणी सोडतो. मग एकेका चौकोनात वरच्या किती चौकोनांचं पाणी जमतं, ते मोजतो. हजार चौकोन म्हणजे ९० हेक्टर. आकडे वाढत जातात तिथे पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, उमटतो. पऱ्यावरच्या कुठल्याही जागेवर बोट ठेवा, तिचं पाणलोट क्षेत्र, म्हणजे जिथलं पाणी तिथे येतं तो भाग, लगेच आखून मिळतं.

घोडं अडतं ते सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. ते जवळजवळ सपाट, आणि उपग्रहाच्या उंचीतच काही मीटरची चूक. उतार चुकीपेक्षा कमी असेल, तर संगणकाने दाखवलेली दिशा निव्वळ अंदाज. आंबा-काजूच्या दाट बागेत रडारकडून झाडांचे शेंडेही जमीन म्हणून धरले जातात, आणि गडगे, म्हणजे बांधावरच्या दगडी भिंती, तर ३० मीटरच्या चौकोनात दिसतच नाहीत.

त्याहून मोठी अडचण जमिनीखाली आहे. जांभा सच्छिद्र. त्यात मुरलेलं पाणी खालच्या चिकण थरावर अडतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. हा थर ज्या बाजूला कललेला, तिकडे पाणी जाणार. वरचा उतार उलटा असला तरी. म्हणजे आपल्या झऱ्याचं पाणी नकाशातल्या शेजारच्या पाणलोटात मुरत असू शकतं, आणि आपल्या हद्दीत पाणी मुरवायला खणलेल्या चरांचा त्याला काडीचा उपयोग होत नाही.

म्हणून चर खणण्याआधी झरे नकाशावर घ्यावेत असं मला वाटतं. कुठला झरा कधी आटतो, हे पाणी भरणाऱ्या बायकांना विचारावं. बादली भरायला किती सेकंद लागतात, ते दर महिन्याला लिहून ठेवायला तर खर्चही नाही.