सांडापालन

सांडापालन : (हिं. सांडा, गु. सांढो, शा. नाव सारा हार्डविकी, कुल–ॲगॅमिडी). कच्छ, पश्चिम राजस्थान व सिंध येथील कोरड्या, सपाट माळांवर बिळे करून राहणाऱ्या काटेशेपट्या सरड्यास बंदिवासात सांभाळण्याची पद्धत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हा प्राणी संरक्षित असून हौसेखातर तो पकडणे वा घरी ठेवणे गुन्हा आहे. म्हणून पुढील, बडोद्याचे हवामान धरून दिलेला तपशील मान्यताप्राप्त प्राणिसंग्रहालये व बचाव केंद्रे यांनाच लागू समजावा. कोणाच्या हाती सांडा आल्यास ४८ तासांच्या आत वनखात्यास किंवा पोलिसांस कळवावे लागते.

नाव व वर्गीकरण : बडोद्यातील मराठी घरांत गुजरातीतला ‘सांढो’ व हिंदीतला ‘सांडा’ ही दोन्ही रूपे ऐकू येतात. मराठी बोलण्यात या प्राण्यास सरसकट ‘घोरपड’ म्हणण्याची चूक वारंवार होते. घोरपड मांसाहारी, लांब मानेची व दुभंगलेल्या जिभेची असते. सांडा प्रामुख्याने शाकाहारी, बोजड डोक्याचा व आखूड जाड जिभेचा. ‘सांड’ म्हणजे वळू या शब्दाशी नावाची सांगड घातली जाते. मात्र ही लोकव्युत्पत्ती सांड्याच्या चरबीपासून काढलेल्या तेलाच्या वाजीकर (कामशक्ती वाढविणारे) अशा ख्यातीवरून मागाहून सुचली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८२७ मध्ये या जातीचे वर्णन केले व ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील अधिकारी टॉमस हार्डविक यांचे नाव तिला दिले. शास्त्रीय नावातील या विशेषणाचे ‘हार्डविकी’ व ‘हार्डविकेई’ असे दोन पाठ ग्रंथांत आढळतात. मूळ वर्णनातील पहिला पाठच ग्राह्य धरतात. प्रजातीचा (जवळच्या जातींच्या गटाचा) प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. दीर्घकाळ ही जाती अरबस्तान-आफ्रिकेतील जातींसह यूरोमॅस्टिक्स या प्रजातीत गणली जाई. २००९ मध्ये सरीसृपतज्ज्ञ विल्म्स व सहकाऱ्यांनी ग्रे यांचेच १८४५ चे ‘सारा’ हे नाव पुन्हा वापरात आणून त्यात भारतीय जातीसह इराणकडील दोन जाती ठेवल्या. भेदाची मुख्य खूण शेपटीवर आहे. साराच्या शेपटीवरील काट्यांच्या दोन कड्यांमध्ये वरच्या बाजूस काटे नसलेल्या खवल्यांच्या ओळी असतात. यूरोमॅस्टिक्समध्ये त्या नसतात. पाळणुकीची बरीचशी माहिती परदेशी यूरोमॅस्टिक्सवरून घेतलेली असल्याने हा भेद केवळ नावापुरता नाही. सांड्याला हिवाळी निद्रेची गरज असते, ही गोष्ट त्या माहितीत पुष्कळदा निसटते.

निवारा : एका प्रौढ जनावरास (लांबी सु. ४० सेंमी. वा थोडी अधिक) किमान १२० × ६० × ६० सेंमी. पेटी लागते. तळाशी १५–२० सेंमी. दाबून बसवलेली मुरूम-माती व त्यात तिरपे पुरलेले मातीचे नळकांडे, म्हणजे बिळाची सोय होते. बारीक मोकळी वाळू टाळावी. ओल्या पाल्याबरोबर ती पोटात जाऊन आतड्यात गोळा बसतो. पाला सपाट फरशीवर ठेवल्यास हा धोका कमी होतो. एका टोकास दिव्याखाली दगड ठेवून त्याचा पृष्ठभाग ४५–५० से. पर्यंत तापवावा आणि दुसरे टोक २८–३० से. असावे. तापमान दगडाच्या पृष्ठभागावर मोजावे, हवेत नव्हे. अतिनील दिवा दगडापासून सु. ३० सेंमी. वर असावा व तो वर्षाच्या आत बदलावा, कारण डोळ्यांना उजेड दिसत राहिला तरी उपयुक्त किरण घटलेले असतात. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामाचे नाही. काचेची पेटी थेट उन्हात ठेवली तर जनावर थोड्याच वेळात तापून मरते.

बडोद्यातील खरी अडचण आर्द्रतेची आहे. जुलै–ऑगस्टमध्ये येथील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास असते. सांड्याला ३५ टक्क्यांच्या आतली हवा मानवते. दिव्याखालची हवा तापून कोरडी होते, त्यामुळे आर्द्रतामापक तिथे लावला तर आकडा समाधानकारक येतो आणि बिळातली माती मात्र दमट राहते. मापक बिळाच्या तोंडाशी लावावा. एप्रिल–जूनमध्ये खोलीत पाण्याचा कूलर चालू ठेवणे हीही नेहमीची चूक. दमटपणामुळे कात बोटांवर व शेपटीच्या काट्यांवर कड्यासारखी अडकून पुढचा भाग वाळतो. पोटाच्या खवल्यांवर पिवळट बुरशी चढते. पाण्याचे भांडे ठेवू नये, पाणी शिंपडू नये. पाल्यातील ओल पुरते.

आहार : लसूणघास (बडोद्यात चाऱ्याच्या दुकानी ‘रजको’), शेवग्याचा पाला, जास्वंदीची पाने-फुले, थोडी कोरडी मसूर वा मूग. पालक क्वचितच द्यावा, कारण त्यातील ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवते. पिलांना नाकतोडे व भुंगे लागतात, प्रौढांना ते अधूनमधून चालतात. आठवड्यातून दोनदा पाल्यावर फॉस्फरसविरहित कॅल्शियमची चिमूट भुरभुरावी. कॅल्शियम किंवा अतिनील किरण कमी पडल्यास खालचा जबडा बोटाने दाबला असता रबरासारखा लवतो, मागचे पाय थरथरतात. नाकपुड्यांभोवतीची पांढरी पुटे मात्र रोग नव्हे; शरीरातील जादा क्षार नाकातील ग्रंथींतून बाहेर पडून वाळलेले असतात. नवख्या रखवालदारांस ती सर्दी वाटते.

हिवाळी निद्रा : सु. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आधी दोन-तीन आठवडे खाणे बंद करून, पण दिवा चालू ठेवून, आतडे रिकामे होऊ द्यावे. नंतर १२–१८ से. मध्ये अंधारात ठेवावे. बडोद्याचा हिवाळा यासाठी अडनिडा आहे. रात्री गार, दुपारी २८–३० से. अशा चढउतारात जनावर धड झोपत नाही, धड पचवत नाही, आणि शेपटीच्या बुडातली चरबी झरझर उतरते. दर आठवड्यास वजन करावे. दहा टक्क्यांहून अधिक घट झाल्यास उठवून ऊब द्यावी.

बचावलेली जनावरे : तेलासाठी पकडलेले सांडे पळू नयेत म्हणून त्यांचा पाठीचा कणा मोडतात. हे तेल म्हणजे शेपटीच्या बुडाची वितळवलेली साधी चरबी होय. कणा मोडलेल्यांच्या मागच्या पायांत सहसा पुन्हा बळ येत नाही. त्यांना सोडता येत नाही. धडधाकट सांडाही बडोद्याच्या शिवारात सोडू नये. काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीत बीळ पहिल्याच पावसात भरते. त्याच्या मूळ मुलखात, पाऊस ओसरल्यावर आणि थंडीपूर्वी नवे बीळ खणण्यास काही आठवडे उरतील अशा बेताने, वनखात्यामार्फतच सोडावे.